यहुदी धर्माचा उंबरठा आणि कोकणातील बेने इस्रायल

धर्म जन्माने मिळतो की स्वीकाराने, हा प्रश्न आम्हां महाराष्ट्रीयांना नवा नाही. 1676 साली नेताजी पालकरास शुद्ध करून स्वधर्मात परत घेतले गेले, तेव्हा तो प्रश्न शिवाजी महाराजांच्या दरबारात उभा होता. 13 ऑक्टोबर 1935 रोजी आमच्याच जिल्ह्यातील येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा तो हजारोंच्या सभेपुढे आला. बाहेरच्यास आत घ्यावयाचे तर काय लागते, आणि आत आलेल्यास आतला कोणी म्हणावे, या प्रश्नाचे सर्वांत काटेकोर उत्तर ज्या धर्माने लिहून ठेवले, तो यहुदी धर्म. त्या उत्तराची कसोटी ज्यांच्यावर लागली, त्यांत मराठी बोलणारे आमचे बांधवही होते. गंगापूर रोडवरील या वसंत व्याख्यानमालेत आज त्यांचीच हकीकत सांगावयाची आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. यहुदी धर्म प्रचारक धाडून माणसे गोळा करीत नाही. कोणी आपण होऊन आला तर रब्बीने त्यास आधी परतविण्याचा प्रयत्न करावा, असा संकेत आहे. तालमुद या ग्रंथात सांगितले आहे की, येणाऱ्यास विचारावे, बाबा रे, हे लोक आज गांजलेले, पिडलेले आहेत, हे तुला ठाऊक नाही काय? ठाऊक आहे आणि मी त्यास पात्रही नाही, असे तो म्हणाला, तर मात्र त्यास तत्काळ स्वीकारावे. मग त्यास काही सोप्या व काही अवघड आज्ञा सांगाव्यात. त्याच्यावर फार भडिमार करू नये.

पुढचे विधी तीन. तिघा न्यायकर्त्यांच्या पंचासमोर आज्ञांचा स्वीकार, पुरुष असेल तर सुंता, आणि ती आधीच झालेली असेल तर रक्ताचा एक थेंब, शेवटी सर्वांगस्नान. हे स्नान साठविलेल्या पावसाच्या, झऱ्याच्या अथवा समुद्राच्या पाण्यात करावयाचे. अंगावर अंगठीदेखील राहता कामा नये, एक केसही पाण्याबाहेर उरता कामा नये. पाण्यातून वर आला तो यहुदी झाला. त्यास अब्राहामाचा पुत्र म्हणावयाचे आणि त्याच्या पूर्वीच्या जिण्याची आठवण देऊन त्यास कधी दुखवावयाचे नाही. बाराव्या शतकातील थोर पंडित मैमोनिदेस यास ओबद्या नावाच्या एका नवदीक्षिताने विचारले, प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असे मी म्हणू काय? मैमोनिदेसाने कळविले, अवश्य म्हण. आणि खुद्द दावीद राजाची पणजी रूथ ही मवाब देशची, म्हणजे परकी. तिच्या सासूने तिला परत जा म्हटले, ती गेली नाही. एवढ्याच निष्ठेवर ती इस्रायलाची झाली. वंशाचा अभिमान बाळगणाऱ्या धर्माने आपल्या सर्वश्रेष्ठ राजाचे मूळ एका आगंतुक स्त्रीत दाखवावे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आता कोकणाकडे वळू. अलिबागजवळ नवगाव येथे फार पूर्वी एक गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्रायल लोकांची परंपरा आहे. 'बेने इस्रायल' म्हणजे इस्रायलची संतती. ते रोहे, पेण, दिवे, किहीम, अष्टमी अशा गावी राहिले आणि रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर झाले. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, हिब्रू भाषाही उरली नव्हती. उरले होते ते एवढेच : आठव्या दिवशी सुंता, शनिवारचा विसावा, खाण्याचे नियम आणि 'शमा इस्रायल' ही एक प्रार्थना.

सणांना त्यांनी मराठी नावे दिली. नव्याचा सण, बिरड्यांचा सण, आणि ज्या दिवशी दारे लावून उपास करावयाचा, कोणाकडे जावयाचे नाही, तो दारफाळणीचा सण. हाच यहुद्यांचा योम किप्पुर, पापक्षालनाचा दिवस. नाव गेले, ग्रंथ गेला, पण दार लावण्याचे राहिले. मैमोनिदेसाच्या एका पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांचा उल्लेख आहे, तोही याच अर्थाचा : शब्बाथ व आठव्या दिवसाची सुंता यांपलीकडे त्यांस धर्म ठाऊक नाही.

त्यांची ओळख पटली कशी, याची कथा मोठी मार्मिक आहे. दाविद राहाबी नावाचा यहुदी गृहस्थ कोकणात आला. तो केव्हा आला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. हे लोक खरोखर यहुदी आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले व रांधावयास सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूस सारले. तोरामधील आज्ञा नेमकी हीच आहे. राहाबीची खात्री झाली. त्याने वंशावळ विचारली नाही, दाखला मागितला नाही. चुलीपाशी बसून परीक्षा घेतली आणि त्या परीक्षेत स्त्रिया उतरल्या. पुढे त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील माणसांस शिकवून तयार केले, त्यांच्याकडे काजीपण आले, असे ही परंपरा सांगते. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. बुडून गेलेला धर्म त्यांनी कष्टाने वर काढला.

परंतु ही हकीकत गोड करून सांगणे बरे नव्हे. या समाजातही 'गोरे' आणि 'काळे' असे दोन तट होते. ज्यांचे मूळ मिश्रविवाहात आहे असे मानीत, ते काळे. गोरे त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. पुढे मुंबई-पुण्यात बगदादकडून धनिक यहुदी आले, त्यांच्यातील अनेकांनी हाच आक्षेप साऱ्या बेने इस्रायलांवर घेतला. वरची पायरी खालच्या पायरीस जे म्हणते, तेच तिला आणखी वरच्या पायरीकडून ऐकावे लागते, हे आमच्या देशात कोणास समजावून सांगावयास नको.

1948 साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले व बेने इस्रायल मोठ्या संख्येने तिकडे गेले. 1950 च्या कायद्याने प्रत्येक यहुद्यास तेथे येण्याचा हक्क दिला होता. पण विवाह तेथे धर्मपीठाच्याच हाती. नागरी विवाहाची सोय नाही. ऑक्टोबर 1961 मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने बेने इस्रायलांशी विवाहास सर्वसाधारण हरकत नाही असे ठरविले, परंतु 1962 च्या आरंभी निघालेल्या आदेशांनी वधूवरांच्या मातृकुळाची चौकशी पोहोचेल तितकी मागे न्यावी असे सांगितले; शंका आल्यास प्रकरण धर्मन्यायालयाकडे. शंका दोन होत्या. पूर्वजांत कोणी परधर्मी स्त्री विधिवत् दीक्षेवाचून आली होती काय? आणि कोणी स्त्री शास्त्रोक्त काडीमोडावाचून पुनर्विवाहित झाली होती काय?

येथे शास्त्राचा एक विलक्षण पेच दिसतो. नव्याने दीक्षा घेणारा जणू नुकताच जन्मलेला. त्याच्या मागच्या पिढ्यांचे दोष त्यास चिकटत नाहीत. जन्माने यहुदी असणाऱ्यास मात्र आजीच्या काडीमोडाचा दोषही चिकटू शकतो. म्हणजे काल पाण्यातून वर आलेल्यास जे विचारले जात नव्हते, ते पिढ्यान् पिढ्या शनिवार पाळणाऱ्यास विचारले जात होते. दीक्षा घ्या, प्रश्न मिटेल, हे म्हणणे सोपे होते. पण ती घेणे म्हणजे आजवर आपण यहुदी नव्हतो, आपल्या आईबापांनी दारे लावून केलेले उपास फुकट गेले, असे आपल्याच तोंडाने कबूल करणे होय. त्यांनी ते नाकारले.

1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले. त्या साली ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले, आणि पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारचे वजन त्यांच्या बाजूस पडले. त्यानंतर रब्बींनी आदेशांतून या समाजाचे नाव काढले. कुळाविषयी शंका आल्यास चौकशी कोणाचीही होईल, अशी भाषा आली. तत्त्व राहिले, एका समाजावरचा डाग गेला. इथिओपियातील यहुद्यांवर दीक्षास्नानाची हीच सक्ती झाली तेव्हा 1985 साली तेही रस्त्यावर उतरले. मणिपूर-मिझोरममधील बने मनाशे यांस 2005 साली इस्रायलच्या वंशातले म्हणून मान्यता मिळाली, परंतु दीक्षेची अट कायम राहिली.

अलीकडे रक्ताचीही तपासणी झाली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अनुवंशशास्त्रीय अभ्यासात बेने इस्रायलांत पश्चिम आशियातील यहुदी व येथील स्थानिक अशी दोन्ही मुळे आढळली. आईकडचे मूळ प्रामुख्याने येथलेच. रब्बींची शंका तेवढ्यापुरती निराधार नव्हती. मग त्या कोकणी स्त्रियांस दीक्षा कोणी दिली? तिघांचे पंच कोठे बसले? त्याची नोंद कोठेही नाही. पण समुद्र दाराशी होता, आणि घाणा शनिवारी थांबत होता. कोणता मासा घ्यावा आणि कोणता सारावा, हे ज्यांनी मुलींना शिकविले, त्याही त्याच स्त्रिया. राहाबीने परीक्षा घेतली ती त्यांच्याच लेकी-नातींची.

आम्ही नाशिककर कुळाचे मोल जाणतो. रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे शोधीत लांबलांबची माणसे येतात आणि पणजोबांची सही सापडली की त्यांचे डोळे भरून येतात. ती वही जोवर माणसास आपल्या माणसांशी जोडते, तोवर तिच्यासारखे धन नाही. तीच दारात आडवी धरून आत येणाऱ्यास अडविण्यास वापरली, तर ती घरच्याच माणसांस बाहेर काढू लागते. यहुदी शास्त्राने पंच, सुंता आणि स्नान हे तिन्ही विधी सांगितले. पण त्याच शास्त्राने रूथची कथाही जपली. बेने इस्रायलांनी 1964 मध्ये शास्त्र मोडा असे म्हटले नाही. आमचे पाळणे हीदेखील साक्ष धरा, एवढेच मागितले. आज त्यांच्यातील बहुतेक इस्रायलात आहेत, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तेथे निघाले आहे, आणि येथे उरलेल्या मोजक्या यहुद्यांस महाराष्ट्र शासनाने 2016 साली अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. कोणाच्या धर्माविषयी वा जातीविषयी प्रश्न विचारण्याचा प्रसंग आम्हांवर येईल, तेव्हा आधी वही उघडावी की आधी चूल पाहावी, याचा विचार श्रोत्यांनी करावा, एवढीच विनंती आहे.