बूदबी पॅग्नेल येथील दगडी गृह : एका संज्ञेचा विचार

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात, ग्रँथमच्या दक्षिणेस, बूदबी पॅग्नेल हे खेडे आहे. तेथील मॅनर-गृह, म्हणजे जमीनदाराचे निवासस्थान, इ. स. १२०० च्या सुमाराचे असून इंग्लंडात शिल्लक राहिलेल्या नॉर्मन निवासगृहांत त्याची गणना अग्रक्रमाने होते. इमारत चुनखडी दगडाची व दुमजली आहे. तळमजल्यावर कमानदार दगडी छताची कोठारे आहेत. वर एक मोठी व तिला लागून एक लहान खोली आहे. वर जाण्याचा दगडी जिना बाहेरून चढतो. मोठ्या खोलीत भिंतीतील शेगडी असून तिच्यावर पुढे झुकलेले दगडी धुराडे आहे.

या मोठ्या खोलीस काय म्हणावे, हा वरवर पाहता क्षुल्लक, परंतु वस्तुतः मूलभूत प्रश्न आहे. मार्गारेट वुड यांच्या १९६५ मधील ग्रंथापर्यंत व त्यानंतरही तिला ‘हॉल’, म्हणजे सभागृह, मानण्याची प्रथा होती. त्यावरून वरच्या मजल्यावरील सभागृह हा गृहरचनेचा एक स्वतंत्र प्रकारच कल्पिला गेला.

१९९३ मध्ये जॉन ब्लेअर यांनी या कल्पनेस आव्हान दिले. त्यांच्या विवेचनात तत्कालीन शब्दप्रयोगास महत्त्वाचे स्थान आहे. बाराव्या शतकातील लॅटिन लेखांत ‘आउला’ (सभागृह) व ‘कामेरा’ (खाजगी दालन) यांचा निर्देश पृथक्‌ येतो. सभागृह जमिनीच्या पातळीवर, बहुधा लाकडी. दालन त्याच्या जवळ, पण निराळ्या इमारतीत. लाकूड नष्ट झाले, दगड टिकला. आणि उरलेल्या अर्ध्या भागासच अभ्यासकांनी संपूर्ण गृह मानले. या मतानुसार बूदबी पॅग्नेलची इमारत ‘कामेरा’ ठरते.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. ‘कामेरा’चा मूळ अर्थ ‘कमानदार छत’ असा होता. बूदबी पॅग्नेलच्या तळमजल्यास तसे छत आहे, म्हणून ती इमारत ‘कामेरा’ होय, असा युक्तिवाद कोणी केल्यास तो अग्राह्य ठरेल. वास्तूचा उपयोग व्युत्पत्तीवरून सिद्ध होत नाही. समकालीन प्रयोगावरून मात्र त्याचा बोध होऊ शकतो.

प्रश्न केवळ नावाचा नाही. खोलीस ‘हॉल’ म्हटले, की धनी व त्याचा परिवार तेथे एकत्र जेवत असल्याचे चित्र उभे राहते. ‘चेंबर’ म्हटले, की सार्वजनिक व खाजगी व्यवहार इ. स. १२०० पूर्वीच वेगळ्या छपरांखाली विभागले गेले होते, असे मानावे लागते. सारांश, अभ्यासकाने दिलेली संज्ञा हे वर्णन नसून अनुमान असते, आणि अनुमानाप्रमाणेच तिलाही पुराव्याची अपेक्षा असते.