सहा शर्यती हरलेली घोडी

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कठड्याशी उभा राहिलो की मला नेहमी वाटतं, हरलेल्या घोड्यांचं पुढे काय होत असेल? अशा वेळी स्टिलअस्पिल आठवते. अमेरिकेतली ही घोडी सहा शर्यती धावली, एकही जिंकली नाही. उड्यांच्या खेळाच्या मानानेही चण लहानच.

शर्यतीच्या घोड्याला उड्यांच्या रिंगणात आणायचं म्हणजे आधी शिकलेलं विसरायला लावायचं. लगाम ताणला की तो थांबत नाही, उलट त्यावरच रेलून आणखी पळतो. मग स्वाराने हात सैल ठेवायचा, बैठकीने आणि पायाने बोलायचं, त्याला संथ चालीत गोल गोल फिरवायचं. महिनोन् महिने. तापट माणसाचं हे कामच नव्हे!

'टच ऑफ क्लास' या नव्या नावाने ती १९८४ साली जो फार्गिस यांच्यासह लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये उतरली. ९१ अडथळ्यांपैकी ९० तिने न पाडता ओलांडले. वैयक्तिक सुवर्णपदक मिळालं, सांघिकही. आणि गंमत पाहा, हे सामने भरले होते सांता अनिताला, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर.