बोटीवर गेला, त्याचं नाव कुठं शोधायचं?

आज इतिहासाचं बोलणार आहोत, पण राजेरजवाड्यांचा इतिहास नाही. वीस-बावीस वर्षांच्या एका पोराची गोष्ट आहे. त्याचं नाव आम्ही सांगत नाही, कारण तो एकटा नव्हता. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात असे कितीतरी होते. लढाईला म्हणून घरून निघाले आणि गोळी न लागताच, हगवणीनं, कॉलऱ्यानं, तापानं बोटीवरच गेले.

आपल्या शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी तुम्हाला माहीत आहे. पिढ्यान् पिढ्या तिथली माणसं फौजेत. पलीकडं साताऱ्याच्या अपशिंगे गावात स्मारक आहे, त्यावर पहिल्या महायुद्धात न परतलेल्या ४६ जणांचा आकडा आहे. शाहू महाराजांनीही त्या वेळी भरतीला मदत केली होती. पलटणीत जाणं मानाचं होतं हे खरं, पण शिपायाला महिना ११ रुपये रोख मिळत, हेही विसरू नका. कोरडवाहू तुकड्यावर जगणाऱ्या घराला अकरा रुपये म्हणजे काय, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

कोल्हापूरला आगगाडी १८९१ साली आली होती. मिरज, पुणे, मग मुंबईचा धक्का. तिथून बोट अरबी समुद्र ओलांडून इराणच्या आखातात, आणि शेवटी बसऱ्याला. हा आजचा इराक. तेव्हा त्याला मेसोपोटेमिया म्हणत. ज्या पोरानं पंचगंगेच्या पलीकडं पाणी पाहिलं नव्हतं, तो बोटीच्या पोटात शेकडो माणसांत दाटीनं बसायचा. उन्हाळ्यात खाली भट्टी व्हायची. एकाला जुलाब लागले की शेजारच्याला लागायला वेळ लागत नसे.

बसऱ्याच्या पुढं तर रस्ते नव्हते. टायग्रिस नदी हीच वाट. माणसं, दाणागोटा, दारूगोळा घेऊन बोटी वर जायच्या आणि त्याच बोटी आजारी-जखमींना भरून खाली यायच्या. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादजवळ टेसिफोनची मोठी लढाई झाली. त्यानंतर ‘मेजिदिया’ नावाची एक बोट बसऱ्याला आली. मेजर कार्टर नावाचे डॉक्टर तिला येताना पाहत होते. लांबून त्यांना वाटलं, बोटीच्या बाजूंना दोरखंड लोंबताहेत. बोट जवळ आली तेव्हा कळलं, ती माणसांची घाण होती. आत सुमारे सहाशे जण होते. ज्यांना उठवत नव्हतं, त्यांना कडेला नेणारं कुणी नव्हतं. कार्टरनी तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यांनाच दमात घेतलं. पुढं चौकशी आयोग बसला, १९१७ साली त्याचा अहवाल आला, म्हणून हे आज आपल्याला कळतंय. नाहीतर गोऱ्या साहेबांच्या फौजेत सगळं ठाकठीकच होतं, असंच आपण ऐकलं असतं.

समुद्रात माणूस गेला तर बोटीवर चिता कशी पेटवणार? कापडात शिवून, वजन बांधून देह पाण्यात सोडत. इकडं घरी अस्थी नाहीत, राख नाही. दहाव्याला कावळ्यासमोर पिंड ठेवायचा तो कशाच्या आधारावर? कागद आला तर तो वाचून दाखवायला मास्तर नाहीतर तलाठी शोधायचा. तो येईपर्यंत त्या पोराची बायको कुंकू लावत असणार. लढाईत पडलेल्याची गोष्ट निदान पारावर सांगितली जाते. जुलाबानं गेलेल्याची कुणी सांगत नाही. जणू त्यात काही कमीपणा होता.

आणि आजार काही बोटीवरच थांबला नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावरचे पोलीस शिपाई तापानं आडवे झाले. फौजेच्या बोटी तिथंच लागत होत्या. तीच पुढं ‘मानमोडी’. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं, पाणी कोण आणतं, शिळंपाकं खाऊन कोण राहतं, याचा विचार केला तर आम्हाला त्यात नवल वाटत नाही.

आता नावाचं. मेसोपोटेमियात गेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला स्मारक बांधलं, १९२९ साली. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आपले हिंदी अधिकारीसुद्धा. पण साध्या शिपायांचं काय? पलटणीचं नाव आणि पुढं नुसता आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

नावं मात्र पुसली गेलेली नाहीत. ती कागदावर होती आणि आता आयोगाच्या वेबसाईटवर शोधता येतात. तिथं सगळं इंग्रजीत आहे, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या लेकीला किंवा नातवाला सोबत घ्या. गावाचं नाव इंग्रजांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, म्हणून दोन-चार तऱ्हांनी शोधा. काही नोंदींत बापाचं नाव आहे, गाव-तालुका आहे. आणि काही ठिकाणी लिहिलंय, अमुकचा नवरा. म्हणजे त्या बाईचं नावही तिथं आहे, जे कदाचित तिच्या स्वतःच्या गावातही कुणाला आठवत नसेल.

जुन्या पेटीत तळहाताएवढी गोल, जड, काशासारखी चकती सापडली, तिच्यावर सिंह आणि उभी बाई असेल, तर मोडीत घालू नका. युद्धात गेलेल्याच्या घरी ती पाठवत, आणि तिच्यावर त्याचं नाव असतं. घरातल्या थोरल्या आज्जींनाही विचारा, आपल्यातलं कोण बोटीनं गेलं होतं. जे सापडेल ते लिहून आम्हाला पाठवा, पुढच्या वेळी ती नावं आपण इथंच वाचू. सैनिकाचं नाव आधी, आणि कागदावर असेल तर त्याच्या बायकोचंही.