स्की किती रुंद असावी?

कोणत्याही स्कीची ओळख तीन आकड्यांनी होते. उदाहरणार्थ १३०-९८-११८. हे आकडे मिलिमीटरमधले असून पहिला पुढच्या टोकाजवळची रुंदी सांगतो, तिसरा मागच्या टोकाजवळची. मधला आकडा बुटाखालच्या सर्वांत अरुंद भागाचा, म्हणजे स्कीच्या कंबरेचा. खरेदीच्या वेळी सारी चर्चा या मधल्या आकड्याभोवती फिरते. डोंगराच्या सर्व भागांत आणि सर्व प्रकारच्या हिमावर चालावी म्हणून जी स्की बनवली जाते तिला ‘ऑल-माउंटन’ म्हणतात. तिची कंबर ढोबळमानाने ८० ते १०० मिलिमीटर, काही वेळा थोडी अधिक असते. याहून अरुंद स्की यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांसाठी असतात, तर ११० च्या पुढच्या खोल, भुसभुशीत हिमासाठी. ऑल-माउंटन गटाच्या दोन टोकांमध्ये अंतर आहे जेमतेम दोन सेंटिमीटरचे. तथापि संध्याकाळी गुडघा दुखेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या दोन सेंटिमीटरवर ठरते.

चाळीस वर्षांपूर्वी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. त्या काळच्या स्की सरळसोट, दोन मीटरच्या आसपास लांब आणि कंबरेला ६५ मिलिमीटरच्या जवळपास असत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील ‘अ‍ॅटॉमिक’ कंपनीच्या रूपर्ट ह्युबर यांनी रुंद स्की घडवली. स्नोबोर्ड मधोमध चिरून त्यांनी पहिला नमुना केला, असे सांगतात. सुरुवातीस तिची थट्टाच झाली. पण कॅनडात हेलिकॉप्टरने दुर्गम शिखरांवर नेल्या जाणाऱ्या मध्यमवयीन, बेताच्या कौशल्याच्या पर्यटकांना ती वरदान ठरली. मांडीभर हिमात दिवसभर टिकून राहणे त्यांना प्रथमच जमू लागले. रुंद स्की हे निष्णातांचे हत्यार, ही आजची समजूत किती उलटी आहे, हे यावरून ध्यानात यावे. पुढे १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या ‘एलान’ने टोकांना रुंद आणि कंबरेत निमुळती अशी स्की बाजारात आणली आणि वळण घेणे सोपे झाले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शेन मॅकॉन्की या स्कीपटूच्या कल्पनेतून टोके वर उचललेली, होडीच्या तळासारखी स्की आली. आजच्या बहुतेक ऑल-माउंटन स्कींमध्ये या तिन्ही कल्पनांचा अंश कमी-अधिक प्रमाणात असतो.

कंबरेच्या आकड्याचे महत्त्व कळण्यासाठी कडक उतारावरचे वळण डोळ्यांसमोर आणावे लागते. वळताना स्की एका अंगावर कलते आणि शरीराचा सारा भार तिच्या पोलादी कडेवर येतो. ही कड पायाच्या मध्यरेषेपासून कंबरेच्या निम्म्या अंतरावर असते. ८५ च्या स्कीत हे अंतर साडेबेचाळीस मिलिमीटर, १०५ च्या स्कीत साडेबावन्न. तरफेचा हात जितका लांब, तितके स्की पुन्हा सपाट करू पाहणारे बल अधिक. बूट घोट्याला जखडून ठेवत असल्याने त्या बलाचा मोठा भाग गुडघ्याच्या वाट्याला येतो. रुंद स्कीवर वळताना गुडघ्याच्या हालचाली बदलतात, असे स्लोव्हेनियातील संशोधकांना २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्यास रुंद स्कीला अधिक वेळ लागतो. गोठलेल्या उतारावर तो विलंब प्रत्येक वळणात जाणवतो.

मऊ हिमात गणित पालटते. तिथे कड जवळजवळ निरुपयोगी असते. स्कीचा तळ हिमावर तरंगला पाहिजे. अरुंद स्की खाली बुडते आणि वळवू पाहता अडकते. पुढच्या टोकाने हिमात नांगर घातल्यासारखे झाले, की माणूस तोंडघशी पडतो. दुपारनंतर शेकडो जणांनी तुडवून ढिगाऱ्यांसारखे झालेले जड हिमही अरुंद स्कीला सुखाने कापू देत नाही. रुंद स्कीचा खरा लाभ कित्येकांना ताज्या हिमापेक्षा या तुडवलेल्या हिमातच अधिक होतो.

मात्र तरंगण्याचे श्रेय एकट्या कंबरेला देणे बरोबर नव्हे. १८० सेंटिमीटर लांबीच्या स्कीची रुंदी सर्वत्र दहा मिलिमीटरने वाढवली तर तिचे क्षेत्रफळ साधारण नऊ-दहा टक्क्यांनी वाढते. उलट ६० किलो आणि ८० किलो वजनाच्या दोन व्यक्तींमधला फरक एक तृतीयांशाचा आहे. म्हणजेच सारख्याच लांबीच्या स्कीवर ६० किलोच्या व्यक्तीला ८८ ची कंबर जितकी तोलून धरील, तितकी ८० किलोच्या व्यक्तीला ९८ चीही धरणार नाही. दुकानातला विक्रेता वजन न विचारता रुंदी सुचवू लागला, तर त्याचा सल्ला अर्धाच समजावा. लांबी, टोकांचा उचल आणि वेग यांचाही तरंगण्यात वाटा असतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत हिवाळ्यात मुलांना घेऊन डोंगरावर जाणे नवलाईचे राहिलेले नाही. पण तिथेही कोणता डोंगर, यावर उत्तर बदलते. बोस्टनहून व्हर्मान्ट किंवा न्यू हॅम्पशायरला जाणाऱ्यांच्या वाट्याला पाऊस, गोठण आणि कृत्रिम हिम वारंवार येते. तिथे ८० ते ८८ ची कंबर रास्त. बे एरियातून टाहो सरोवराकडे जाणाऱ्यांना पॅसिफिकवरून आलेले जड, ओलसर हिम भेटते. त्यांना ९५ च्या आसपासची स्की सोयीची पडते. युटात हिम कोरडे आणि विपुल, म्हणून तिथले रहिवासी ९८-१०० चीच स्की रोज वापरताना दिसतात. आल्प्समध्ये आठवडाभराच्या सुटीवर जाणाऱ्याचा बहुतेक वेळ दाबलेल्या उतारांवरच जातो, आणि त्याने ८० च्या घरातच राहावे.

इथेच बहुसंख्य खरेदीदारांची फसगत होते. स्की निवडताना डोळ्यांसमोर असतो तो आदल्या रात्री दोन फूट हिम पडल्याचा एक सोनेरी दिवस. मोसमातले उरलेले दहा-पंधरा दिवस मात्र त्याच रुंद स्कीवर कडक उतारांशी झगडण्यात जातात. २०१० च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम भागात १०० ची कंबर जणू प्रमाण मानली जात होती; अलीकडे अनेकांचा कल पुन्हा ९० च्या आसपास सरकला आहे. ज्या हिमावर अधिक दिवस जाणार त्यासाठी स्की घ्यावी आणि त्या एका सोनेरी दिवशी रुंद स्की भाड्याने आणावी, हा हिशेब अधिक शहाणपणाचा.

गुलमर्गला हा हिशेब उलटा होतो. तिथला गंडोला दोन टप्प्यांत वर जातो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि दुसरा २००५ मध्ये. या दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या उतारांपर्यंत, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या जवळपास, पोहोचता येते. पश्चिमी झंझावातांमुळे पीर पंजालवर जानेवारी-फेब्रुवारीत भरपूर हिम पडते, आणि वरच्या विस्तीर्ण उतारांवर दाबलेली वाट अगदीच थोडी. गंडोलाच्या वरच्या टोकापासून स्की करणाऱ्याने १०० च्या खाली फारसे उतरू नये. याउलट गुलमर्गच्याच पायथ्याच्या सौम्य उतारांवर, किंवा उत्तराखंडातील औली येथे शिकणाऱ्याला अरुंद आणि आखूड स्कीच हवी. रुंद स्कीवर नवशिक्याला कड वापरण्याची सवयच लागत नाही, आणि पुढे ती लावून घेणे कठीण जाते.

वरच्या उतारांचा आणखी एक पैलू आहे. रुंद स्कीमुळे खोल हिमात उतरणे सोपे होते, त्यामुळे पूर्वी ज्या उतारांकडे कौशल्याअभावी पाठ फिरवली जाई तिकडे आता बेताचे स्कीपटूही वळतात. हिमस्खलनाच्या धोक्यात मात्र स्कीच्या रुंदीने तसूभरही घट होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या भागात झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे, ते वापरता येणारा सोबती आणि स्थानिक वाटाड्या यांशिवाय त्या बाजूस फिरकू नये.

एकाच रुंदीच्या दोन स्की एकसारख्या वागतील असेही नाही. लाकडी गाभ्याच्या वर-खाली धातूचे पातळ पत्रे घातलेली ९६ ची जड स्की कडक उतारावर कित्येकदा ८६ च्या हलक्या, बिनपत्र्याच्या स्कीपेक्षा घट्ट पकड देते. मात्र तिला वळवायला बळ आणि वेग दोन्ही लागतात, आणि बाराव्या-तेराव्या उतरणीनंतर ती थकवते. ऑस्ट्रियाच्या ‘ब्लिझार्ड’ कंपनीने बरीच वर्षे ८८ च्या घरातील ‘ब्रह्मा’ आणि ९७ च्या घरातील ‘बोनाफाइड’ अशा बहिणी-बहिणी शोभणाऱ्या दोन स्की शेजारी शेजारी विकल्या. मराठी वाचकाला त्यातले पहिले नाव दुकानात पाहून गंमत वाटेल. पण दोन रुंदींमधला फरक स्वतः अनुभवण्यासाठी अशी एकाच घडणीची जोडी उत्तम. मोठ्या स्की केंद्रांवर एका दिवसाच्या भाड्यात एकामागून एक अनेक स्की वापरून पाहता येतात. सकाळी कडक हिमावर अरुंद आणि दुपारी तुडवलेल्या हिमावर रुंद, असे न करता दोन्ही वेळी दोन्ही वापरून पाहाव्यात. एरवी तुलना हिमाची होते, स्कीची नव्हे.

रुंदी ठरल्यावर बाइंडिंगच्या ब्रेकचे माप पाहायला विसरू नये. बूट सुटला की ब्रेकचे दोन दांडे खाली येऊन स्कीला थांबवतात. त्यांच्यामधले अंतर स्कीच्या कंबरेएवढे किंवा तिच्याहून दहा-पंधरा मिलिमीटरपर्यंत जास्त असावे. कमी असले तर दांडे स्कीवर अडकतात आणि सुटलेली स्की उतारावरच्या इतरांच्या अंगावर जाऊ शकते. फार जास्त असले तर कललेल्या स्कीचा दांडा हिमात रुततो. अरुंद स्की विकून रुंद घेताना जुने बाइंडिंग तसेच बसवण्याचा मोह अनेकांना होतो. अशा वेळी निदान ब्रेक तरी बदलावा, आणि सुटण्याचा ताण वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी व कौशल्य पाहून जाणकार तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यावा.