साठावी पायरी

१९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात ट्रबशॉ व बार्टल या विद्यार्थ्यांनी संगणकावर एक शब्दमय जग रचले. तेथे गुण साठवीत नवशिक्याने मांत्रिकपदाला पोहोचायचे.

२००४ च्या नोव्हेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला, तेव्हा त्या शिडीला ६० पायऱ्या होत्या. वर पोहोचलेले वीर चाळीस-चाळीसजणांनी मोहिमा काढीत आणि रात्री जागवून एकेक दुर्मिळ चिलखत मिळवीत. २००७ च्या जानेवारीत शिडी ७० पर्यंत वाढली. नव्या भूमीतल्या किरकोळ कामगिरीचे बक्षीसही त्यांतल्या पुष्कळ चिलखतांना मागे टाकू लागले!

पुढे २०१९ साली ६० पायऱ्यांचे जुने जग पुन्हा उघडले, तेव्हा प्रवेशासाठी तासन्‌तास रांगा लागल्या. घामाची किंमत माणूस सहजी विसरत नाही, हेच खरे.