घराचे कर्ज आणि आयुष्याचा विमा

बापाचे कर्ज मुलाने फेडायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. हिंदू कायद्यानेही ते पुत्राचे पवित्र कर्तव्य मानले होते. २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरते ते संपले. तरी गहाण घर सोडवायचे तर कर्ज फेडावेच लागते. त्यासाठीच गृहकर्जाबरोबर आयुर्विमा सुचवला जातो. तो परवडतो का, हे तपासताना मला विम्याचा इतिहास उपयोगी वाटतो.

१६९३ मध्ये एडमंड हॅले या खगोलशास्त्रज्ञाने ब्रेस्लाव शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक मांडले. १७६२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या इक्विटेबल सोसायटीने वयानुसार हप्ता ठरवला. आपल्याकडे १८७० मध्ये निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांचा विमा नेहमीच्या दराने उतरवला. हप्ता जोखमीच्या प्रमाणात असावा, हे सूत्र यातून रुजले.

तीच कसोटी मी कर्जविम्याला लावतो. अशा अनेक योजनांत कर्जाबरोबर विम्याची रक्कमही घटते आणि पैसे आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जातात. एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला, तर त्यावरही व्याज चढते. साध्या मुदत विम्यात रक्कम सहसा कायम राहते व वारसाच्या हाती येते. तेव्हा दोन्हींचे दर मागवा आणि व्याज धरून बेरीज करा. निरोगी तरुणाला मुदत विमा अनेकदा स्वस्त पडतो. आजारी माणसाला मात्र कर्जदारांचा सामूहिक विमा सोयीचा ठरू शकतो. सही करण्यापूर्वी, हा विमा सक्तीचा नाही, एवढे ध्यानात ठेवावे.