राजा घाट आणि काचेचा तंतू

काशीला आलेला मराठी प्रवासी दशाश्वमेधावर स्नान करतो, विश्वनाथाचे दर्शन घेतो आणि परततो. नारद घाटाला लागून असलेल्या राजा घाटाकडे तो क्वचितच वळतो. हा घाट पूर्वी अमृतराव घाट म्हणून ओळखला जाई. अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले व दुसरा बाजीराव वसईस गेला, तेव्हा काही महिने पुण्याचा कारभार अमृतरावांनी पाहिला. पुढे १८०३ मध्ये इंग्रजांकडून सालिना सात लाख रुपयांची नेमणूक घेऊन ते उत्तरेत आले आणि या घाटाचे दगडी बांधकाम त्यांनी करविले. एका अर्थाने हा घाट पेन्शनीच्या पैशातून उभा आहे. शासकीय सेवेतील माणसाला ही गोष्ट विशेष भावते, एवढेच!

काही वर्षांपूर्वी काशीतील एका कार्यालयात माझी नियुक्ती होती. संध्याकाळी राजा घाटाच्या पायऱ्यांवर बसलो की वर घरांच्या गच्च्यांवरून लोंबणाऱ्या काळ्या केबलींची जाळी दिसे आणि त्यांवर वानरसेना.

एप्रिल २०१५ मध्ये रॉयटर्सने दिलेली एक बातमी वाचकांना आठवत असेल. गंगाकिनारी वाय-फायसाठी टाकलेल्या ऑप्टिकल फायबर केबली माकडांनी दोन महिन्यांच्या आत खाऊन टाकल्या होत्या. देशातील अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना २०११ मध्येच मंजूर झालेली. त्या पार्श्वभूमीवर जगाला या बातमीचे हसू आले. वास्तविक ही तक्रार फार जुनी आहे. कलकत्ता ते आग्रा ही तारायंत्राची ओळ १८५४ मध्ये सुरू झाली, ती काशीवरूनच जात होती. ती उभारणारा डॉ. ओशॉनेसी पेशाने शल्यवैद्य. घारी, कावळे व माकडांच्या झुंडी तारेवर बसणार, हे गृहीत धरून त्याने इंग्लंडमधल्यापेक्षा बरीच जाड लोखंडी तार वापरली. त्याच्या हिशेबात माकड पहिल्या दिवसापासून होते.

प्रकाशतंतू जाड करता येत नाही. काचेचा तो धागा अवघा १२५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाएवढा. माकड दात लावते ते त्यावरील प्लास्टिकच्या आवरणाला. काच बिचारी अनायासे तुटते. तारेला तार पिळून जोडावी तसे येथे चालत नाही. ओटीडीआर यंत्राने प्रकाश सोडून तुटीचे अंतर काढावे लागते, मग दोन्ही टोके वितळवून सांधावी लागतात. हे काम जाणणारा माणूस हाताशी असणे, हा खरा प्रश्न. भारतात स्थानिक टेलिफोन केंद्रे जोडणारी पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात कार्यान्वित झाली. म्हणजे हे तंत्र आपल्याकडे काही कालपरवाचे नव्हे.

केबल भूमिगत का करत नाहीत, असे कोणीही विचारील. काशीच्या गल्ल्यांत ते अशक्य, असे २०१५ मध्ये सांगितले जात होते. त्यानंतर काही वर्षांतच जुन्या शहरातील सुमारे १६ चौरस किलोमीटर भागातील विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या. अशक्य या शब्दाचा शासकीय अर्थ पुष्कळदा ‘तरतूद नाही’ एवढाच असतो.

आमच्या कार्यालयावर संकट आले ते मात्र माकडांमुळे नव्हे. एका सकाळी सर्व संगणक बंद. बाहेर निवृत्तिवेतनधारकांची रांग; त्यांत काशीवासासाठी येऊन राहिलेल्या एक नागपूरकडच्या आजी. ‘‘साहेब, मी जिवंत आहे हे तुमच्या यंत्राला केव्हा कळेल?’’ असे त्यांनी मराठीत विचारले. मजजवळ उत्तर नव्हते. कागदोपत्री आमच्याकडे दोन स्वतंत्र लाइनी होत्या. दोन कंपन्या, दोन करार, दोन बिले. चौथ्या दिवशी एका वृद्ध लाइनमनने जुन्या पाकिटाच्या पाठीवर नकाशा काढून दाखवला. दोन्ही केबली कोपऱ्यावरच्या एकाच चरातून येत होत्या आणि गटाराच्या खोदकामात जेसीबीने दोन्ही एकदम तोडल्या होत्या. दोन लाइनींचे भाडे आम्ही वर्षानुवर्षे भरत होतो. चर मात्र एकच होता आणि तो पाहायला कोणी गेले नव्हते.

दुरुस्तीला अकरा दिवस लागले. त्यातले सांधण्याचे काम एका दुपारचे. उरलेले दिवस खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा यात गेले. नवीन केबलसाठी भांडवली तरतूद होती, सांध्यासाठी नव्हती. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मत्ता उभारली की तिच्या झिजेसाठी दरवर्षी काही बाजूला काढावे, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. घाटांवर पुराचा गाळ दर पावसाळ्यानंतर पाण्याच्या झोताने धुऊन काढतात आणि त्याला कोणी आपत्ती म्हणत नाही.

पुढच्या वर्षी दुसरी लाइन आम्ही मागच्या बाजूने, गच्च्यांवरून, पोलादी पट्टीचे आवरण असलेल्या केबलीने आणली. माकडांनी टोकाकडची उघडी जोडणी दोनदा उपटली. दोन्ही वेळा पहिल्या लाइनीवर काम चालू राहिले आणि दुरुस्तीचे पैसे अंदाजपत्रकात ‘वानर-उपद्रव’ अशा स्पष्ट शब्दांनी आधीच मागितलेले होते. वित्त शाखेने त्यावर एकदा खुलासा मागवला. मी उत्तरासोबत छायाचित्र जोडले.